मथुराक्काला विचारा

— ते कापड ठेवा बाजूला, आधी बसा की. त्या स्टुलावर. डोकं सांभाळा, वरनं जिना जातोय, नवीन माणूस हमखास आपटतं. हं. आता बोला — नको, मीच बोलते. ब्लाऊज शिवायला आलात म्हणता, पण मापाचा जुना ब्लाऊज आणला नाही, अस्तर आणलं नाही, आणि राहता म्हणे यशवंतपूरच्या पलीकडं, कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये. तिथनं बस बदलून बदलून कोण बाई एक ब्लाऊज शिवायला मल्लेश्वरमला येते? तुम्ही चौकशीला आलाय. मुलीची आई. — बघा, मान खाली गेली. लाजायचं काय त्यात? पोरगी द्यायची म्हणजे चार ठिकाणी विचारावंच लागतं. आणि कुणाची चौकशी तेही मी सांगते. वरच्या साड्यांच्या दुकानाचे रत्नाकरअण्णा, त्यांचा मुलगा यशोवर्धन. चुकलं का माझं? — नाही ना. पण मला सांगा, माझ्याकडं कुणी पाठवलं तुम्हाला? ... त्यांनीच? स्वतः अण्णांनी? काय म्हणाले, नीट सांगा — ‘जिन्याखाली मथुराक्का शिवत बसते, तिला विचारा, ती आमच्या घरचीच आहे’? असं म्हणाले? सरी. बरं. मग सांगायलाच पाहिजे. घरच्या माणसानं नाही सांगायचं तर कुणी?

तुमचं मराठी ऐकायला छान वाटतं हो, अगदी पुस्तकातलं. आमचं बघा, निम्मं कन्नड. आमची माणसं शहाजीराजांच्या वेळची इथं आलेली, असं सासरे सांगायचे. खरं-खोटं देवाला ठाऊक, पण तेव्हापासनं हातात सुई आहे एवढं नक्की. विठोजी टेलर म्हणजे माझे मालक. जिवंत होते तोवर कधी नाव घेतलं नाही, आता घेते — आता कोण रागावणार? विठोजींच्या वडिलांचं दुकान इथंच होतं. इथं म्हणजे ह्या जिन्याखाली नव्हे हो. हे चार मजली कॉम्प्लेक्स तुम्हाला दिसतंय ना, खाली रेडीमेड, वर साड्या, त्याच्यावर कॉम्प्युटरचा क्लास — ह्याच्या जागी एक अख्खी गल्ली होती. मधोमध पिंपळ आणि त्याला दगडी पार. पिंपळाला इथं अरळी म्हणतात, पाराला कट्टे. अरळीकट्ट्याची गल्ली म्हटलं की सगळ्या मल्लेश्वरमला कळायचं. बसवनगुडीतनं बायका यायच्या, हो, त्यांच्याकडं काय कमी दुकानं आहेत? पण यायच्या. सकाळी शिरलात की आधी कॉफी भाजल्याचा वास — तोंडाशीच दळणाऱ्याचं दुकान, त्याच्या जात्याचा घरघर आवाज आम्हाला घड्याळासारखा. मग गुंडूचं खाऱ्याचं दुकान, पापडी, शेव, कोडुबळे, कढईतनं काढलं की कागदावर. मग काकणांची दुकानं समोरासमोर, दोन भावांची, एकमेकांशी बोलायचे नाहीत पण एकाकडं हिरवी काकणं नसली तर दुसऱ्याकडं बोट दाखवायचे. आणि पारावर यल्लव्वा, फुलवाली. मोगरा कोपरापासनं बोटापर्यंत मोजून द्यायची, आणि तिचा हात लांब — म्हणून सगळ्या बायका तिच्याकडंच. वरमहालक्ष्मीच्या सणाआधीचा आठवडा बघायला पाहिजे होता तुम्ही. माणसाला माणूस घासून चालायचं. आमच्या दारात बायका ब्लाऊजसाठी भांडायच्या, विठोजी तोंडात टाचण्या धरून नुसती मान हलवायचे, आणि मी आत काजं करत बसायचे. काय दिवस होते — नको, ते राहू दे. तुम्ही अण्णांचं विचारायला आलाय.

अण्णांचं दुकान आमच्या भिंतीला भिंत लागून. कापडाचं. लोकांनी तिथं कापड घ्यायचं आणि इथं शिवायचं, असं ते जोडलेलं. विठोजी आणि ते एका शाळेत, एका बाकावर. अण्णांची बायको लवकर गेली, यशू तेव्हा एवढासा — त्याला कुणी जेवू घातलं विचारा. मी. माझ्या ताटात. मला मूल नाही, तुम्हाला कुणी सांगितलं असेल — नाही सांगितलं? असू दे. तर यशू शाळेतनं आला की दप्तर आमच्या मशीनखाली. अण्णा म्हणायचे, मथुराक्का, ह्याला दोन घरं आहेत. म्हणायचे ते गोडच. तोंडात साखर घेऊनच जन्मलेला माणूस.

मग एक्याण्णव साल आलं. गल्लीची जागा एका जुन्या मालकाची होती, तो वारला, आणि त्याच्या मुलांना विकायची घाई. सगळे भाडेकरू घाबरले. पण अण्णांनी सगळ्यांना पारावर बोलावलं, पिंपळावर हात ठेवायला लावला — कुणी एकट्यानं जागा सोडायची नाही, मेलो तर इथंच. पहिला हात त्यांचा. दुसरा विठोजींचा. कोर्टात ते जायचे, वकील त्यांनी लावला, आम्हाला काय कळतं? आम्ही शिवणारी, भाजणारी, तळणारी माणसं. महिने गेले. एक दिवस पेढे घेऊन आले — जिंकलो म्हणाले. कोर्टानं थांबवलं, आता कुणी आपल्याला हात लावत नाही. आणि म्हणाले, मी मंजुनाथाला नवस बोललो होतो, अख्खी गल्ली घेऊन धर्मस्थळाला येईन म्हणून. बसा मी केल्या आहेत, कुणी पैसा काढायचा नाही, दुकानं बंद करा आणि चला.

— होय, गेलो ना. का नाही जाणार? दोन बसा भरून. पोरंबाळं, म्हातारी माणसं, ते न बोलणारे भाऊसुद्धा एका बसमध्ये. अण्णा पुढच्या सीटवर उभे राहून भजनं सांगत होते. घाटात मला ओकारी आली तर त्यांनी लिंबू दिलं, पाठीवर हात फिरवला. — तो हात मी अजून विसरले नाही. देवळात गल्लीतल्या झाडून सगळ्या बाप्यांनी मुडी दिली, म्हणजे डोकं भादरलं, नवस फेडायला. विठोजींचे केस दाट होते हो, त्या वयातही काळे, त्यांची ती एवढीच मिजास. तेही दिले. अण्णांनी नाही दिली मुडी. सर्दी झाली म्हणाले. तेव्हा आम्हाला हसू आलं, नवस ह्यांचा आणि केस आमचे. हसलो आम्ही. मग म्हणाले, आलोच आहोत तर आणखी एक मुक्काम करू, शृंगेरी बघू. बायका खूष. मीसुद्धा.

परत आलो ते सकाळी. ऊन पडलं होतं. बस गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि ड्रायव्हर म्हणाला, पुढं रस्ता नाही. आम्हाला वाटलं, चुकीच्या ठिकाणी आणलं. खरंच वाटलं — कारण कॉफीचा वास नाही. मग पिंपळ दिसला, आडवा पडलेला, पानं अजून हिरवी. बाकी काही उभं नव्हतं. विटा, पत्रे, फळकुटं, आणि त्या ढिगावर काकणांच्या काचा चमकत होत्या, लाल, हिरव्या. आणि आम्ही सगळे तिथं उभे, हातात प्रसादाच्या पिशव्या, बाप्यांची डोकी तासलेली, जसं काही घरचं माणूस पोचवून आलोय. गुंडू खाली बसला तो उठेनाच. आणि अण्णा — अण्णा रडले हो. सगळ्यांत मोठ्यानं ते रडले. विठोजींच्या गळ्यात पडले, म्हणाले, विठू, फसवलं आपल्याला.

पण यल्लव्वा आली नव्हती ना यात्रेला. देवळाचा हार तिच्याकडं असायचा, एक दिवस चुकवून चालत नव्हतं. ती होती इथं. तिनं सगळं बघितलं. अण्णांचा मेहुणा उभा राहून मशीनवाल्यांना दाखवत होता — हे आधी पाडा, हे नंतर. आणि अण्णांचं दुकान आधीच्या संध्याकाळी रिकामं झालं होतं, गठ्ठेच्या गठ्ठे टेम्पोत भरून. एक चिंधी त्या ढिगात सापडली नाही त्यांची. यल्लव्वा पाराला मिठी मारून बसली तर तिला उचलून बाजूला ठेवली, टोपली ठेवावी तशी. हे तिनं मला सांगितलं, रडत नव्हे, नुसती बघत सांगितलं. मी विठोजींना सांगितलं. — काय म्हणाले असतील? सांगा बघू. म्हणाले, यल्लव्वाला दिसत नाही नीट. म्हणाले, मेहुणा नालायक आहे, रत्नाकराला त्यानंच फसवलं असेल. शाळेतला बाक, बाई. माणूस डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही, बाकावर ठेवतो.

कोर्ट? कुठलं कोर्ट हो. वकील त्यांनीच दिलेला, तो आता फोन उचलेना. आणि पडलेली भिंत दाखवून काय मागायचं? जे ते पांगले. कॉफीवाला मुलाकडं गेला म्हैसूरला. काकणवाले भाऊ कुठं गेले ठाऊक नाही, एकत्र गेले की वेगळे तेही नाही. यल्लव्वा पुढच्या वर्षी वारली. आणि इथं हे उभं राहिलं. उद्घाटनाला रत्नाकरअण्णा जरीचा फेटा बांधून दारात. निम्मं कॉम्प्लेक्स त्यांचं, असं तेव्हा कळलं सगळ्यांना. विठोजींना कळलं की नाही — कळलं असणार. पण त्या दिवशी अण्णा त्यांचा हात धरून घेऊन आले ह्या जिन्याखाली आणि म्हणाले, विठू, ही जागा तुझी, मी असेपर्यंत तुला कुणी उठवणार नाही. आणि विठोजींनी — विठोजींनी त्यांना नमस्कार केला. वाकून. माझ्यासमोर.

तिथं माझं काहीतरी तुटलं, बाई. दुकान पडलं तेव्हा नाही, तेव्हा नाही.

ज्या माणसाकडं बसवनगुडीच्या बायका याव्यात, तो इथं बसून रेडीमेड पँटींची टोकं दुमडायला लागला. वर गिऱ्हाईक पँट घेणार, वरचा पोऱ्या जिन्यावरनं खाली टाकणार, हे दुमडून देणार. उभं राहिलं की डोक्याला जिना, म्हणून वाकूनच. वाकून वाकून पाठ तशीच राहिली. पंच्याण्णव साली गेले, ह्याच स्टुलावर — अय्यो, उठू नका, बसा, बसा, स्टुलाला काय झालंय? आणि निरोप मिळताच पहिलं कोण आलं? अण्णा. खांदा त्यांनी दिला. पुन्हा मोठ्यानं रडले. जाताना मला म्हणाले, मथुराक्का, जागा तुमचीच आहे, तुम्ही बसा, विठूला मी शब्द दिलाय. लोक म्हणाले, असा मित्र मिळायला भाग्य लागतं. मी म्हटलं, होय की. आणि बसले. तेव्हापासनं बसले आहे. त्यांना वाटतं उपकारानं बसले.

का बसले? तुम्ही आलात ना, म्हणून. तुमच्यासारखं कुणीतरी येणार हे मला ठाऊक होतं. यशूचं लग्नाचं वय झालं, अण्णा स्थळं बघणार, आणि चौकशीला माणसं मथुराक्काकडंच पाठवणार — कारण त्यांच्या उपकाराची साक्ष द्यायला माझ्यापेक्षा चांगलं कोण? दावणगेऱ्याचे आले. त्यांना सांगितलं, आता तुम्हाला सांगितलं तसंच, एक शब्द खोटा नाही. परत फिरकले नाहीत. मग इथलेच राजाजीनगरचे आले, मुलगी शिक्षिका, चांगलं घर. त्यांनाही सांगितलं. ते तर जिना न चढताच गेले. आणि मग अण्णा खाली येतात, तुम्ही बसलाय तिथं बसतात, चेहरा उतरलेला, आणि मला विचारतात — मथुराक्का, का नाही म्हणत असतील हो लोक? कुणाची नजर लागली का? मी काय सांगितलं ठाऊक आहे? मी म्हटलं, अण्णा, नवस राहिला असेल, एकदा धर्मस्थळाला जाऊन मुडी देऊन या. गेले, बाई. ह्या वयात, गुडघे दुखत असताना गेले. तुळतुळीत डोकं घेऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि प्रसाद दिला. मी तो घेतला, कपाळाला लावला, आणि ते वर गेल्यावर इथं भिंतीकडं तोंड करून हसले. पहिल्यांदा हसले, विठोजी गेल्यावर.

तुम्ही असं बघू नका माझ्याकडं. तुमच्यावर बेतलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?

मुलाचं? मुलाचं काय विचारता? ... मुलगा कसा आहे. — हं. ते मागच्या दोघांनी विचारलंच नव्हतं. बाप ऐकला आणि उठले.

मुलगा ... आता त्याला वाईट म्हणावं तर जीभ झडेल. ज्या दिवशी गल्ली पडली, यशू यात्रेला नव्हता, कॉलेजची परीक्षा होती. आम्ही सगळे बसपाशी उभे आणि तो ढिगात, कमरेइतका आत, हातानं विटा काढत होता. दोन दिवस काढत होता म्हणे, झोपला नव्हता. आमची मशीन काढली त्यानं. ही. चाक वाकलं होतं, ते त्यानंच कुठनं तरी नीट करून आणलं. बापाच्या दुकानात त्या दिवसापासनं पाय ठेवला नाही. एवढं मोठं साड्यांचं दुकान वर, आणि हा जातो यशवंतपूरला, मशीनचे भाग बनवायच्या कारखान्यात, काळे हात घेऊन येतो. आणि घरी जाण्याआधी इथं येतो. रोज. मी डबा ठेवते, स्वल्प काहीतरी — चित्रान्न, नाहीतर भाकरी-भाजी — तो इथं जमिनीवर बसून खातो. माझ्या डोळ्यांना आता सुईची नाकं दिसत नाहीत, म्हणून सगळ्या सुया ओवून ठेवून जातो, दुसऱ्या दिवसाच्या.

त्याला ठाऊक आहे. होय, मी सांगितलं नाही, पण ठाऊक आहे. राजाजीनगरचं मोडलं त्या आठवड्यात, खाता खाता म्हणाला, “काकू, दोन्ही घरी तुम्हीच सांगितलंत ना?”

मी म्हटलं, “सांगितलं. खोटं सांगितलं का?”

“नाही,” म्हणाला. “खरंच आहे सगळं. फक्त कधी पुरे होईल तेवढं मला सांगा. मी थांबेन.”

त्यानं डबा धुतला आणि गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मला वाटलं नव्हतं येईल. — पण म्हणून मी बदलणार नाही, हे लक्षात ठेवा. बापाला दुखेल अशी एकच जागा आहे, ती हा मुलगा. दुसरी असती तर मी तिथं मारलं असतं. नाही दुसरी. दुकान जळलं तर विमा, पैसा गेला तर पुन्हा मिळवेल, लाज तर त्याला नाहीच. वंश मात्र पाहिजे. नातू मांडीवर पाहिजे, त्या गल्ल्यावर बसवायला. तो मी होऊ देणार नाही. तेव्हा तुम्ही आपली मुलगी — काय नाव म्हणालात, देवश्री? — देवश्रीला दुसरं घर बघा. चांगली असेल ती. म्हणूनच सांगते.

— काय? थांबा, पुन्हा सांगा. स्वल्प हळू. ... दोघांची ओळख आहे? कारखान्यात? तुमची मुलगी तिथंच हिशेबाला ... आणि त्यानं तिला हे सगळं आधीच सांगितलंय? गल्लीचं, बसचं, माझं? माझं पण? ... मग तुम्ही विचारायला कशाला आलात? तो म्हणाला? ‘काकूंना भेटून या, त्या सांगतील ते सगळं ऐकून घ्या, मधे बोलू नका’ — असं म्हणाला. म्हणून तुम्ही इतका वेळ गप्प बसलात. अण्णांनी पाठवलं हे खरं, पण त्यानंही पाठवलं.

बरं. आणि लग्न झाल्यावर? इथंच राहणार, बापाजवळ? ... पुण्याला. चिंचवडला नोकरी मिळाली त्याला? बापाला ठाऊक आहे? — नाही. नाही ठाऊक. लग्नानंतर सांगणार. आणि परत येणार नाही म्हणतो.

अय्यो, बाई. तुम्ही आधी का नाही सांगितलं? एवढं बोलले मी, घसा कोरडा केला. द्या. द्या मुलगी. ह्याच मुहूर्ताला द्या. मी अण्णांना सांगते, अशी चांगली माणसं पुन्हा मिळायची नाहीत, मीच आग्रह करते, पुढं होऊन रांगोळी काढते. त्यांना म्हणावं लग्न थाटात करा, मंडप घाला, सगळ्या मल्लेश्वरमला जेवायला बोलवा. करतील, हौसेनं करतील. दुकानावर नातवाचं नाव घालायची स्वप्नं बघतील. आणि मग एक दिवस सकाळी उठतील आणि घर रिकामं. आमच्यासारखं. रस्ता तोच आणि काही नाही. — बघा, मी मोडत बसले होते आणि जोडण्यात हे होतं. विठोजी असते तर म्हणाले असते, मथुरा, तुला कापड उलटं धरायची सवय. म्हणाले असते. तुमच्या मुलीला एवढंच सांगा, त्याला परत पाठवायचं नाही. सणाला नाही, आजारपणाला नाही. म्हातारा बोलावेल, रडेल, त्याला रडता चांगलं येतं. यायचं नाही. इकडं म्हणून फिरकायचंच नाही, कुणासाठी —

कुणासाठीही नाही.

... कधी रुजू व्हायचंय त्याला तिकडं? जूनला? हा येणारा जून? इतक्या लवकर?

नाही, काही नाही झालं. डोळ्यात कापडाचा धागा गेला. जावा तुम्ही आता, बस मिळणार नाही. जावा म्हटलं ना.